कानाची जवारी

गेल्या सतरा दिवसांत दिनकर पांचाळांना एकही वाईट तंबोरा ऐकू आला नव्हता, आणि तंबोरे करणाऱ्या माणसाच्या मनात पाल चुकचुकायला तेवढं पुरेसं होतं.

असं होत नसतं. दहा तंबोऱ्यांत दोन आळशी निघतात, एखादा किरकिरा, आणि एखादा तर जन्मजात रडका. लाकूड तेच, भोपळे एकाच वाडीतले, तारा एकाच रिळाच्या, तरी प्रत्येकाची तऱ्हा निराळी. मिरजेच्या त्या गल्लीत पांचाळांना हे तीन पिढ्या ठाऊक होतं. आता सन दोन हजार बेचाळीस उजाडलं, भोपळे वाळवायला विजेची भट्टी आली, दांडी कोरायला यंत्र आलं, तरी तऱ्हा काही गेल्या नव्हत्या. आणि इथे सतरा दिवस जो तंबोरा छेडावा तो गुणी. दिनकररावांचा या गुणांवर काडीचा विश्वास नव्हता.

तंबोऱ्याच्या चार तारा ज्या घोडीवरून जातात तिचा माथा सपाट दिसतो, पण तो सपाट नसतो. त्याला केसाएवढा उतार असतो. तार छेडली की ती त्या उतारावर टेकते, उठते, पुन्हा टेकते, आणि कोरड्या टणत्काराऐवजी एक भरलेला, लांबत जाणारा झंकार निघतो. हा उतार कानसेनं घासून आणायचा आणि मग तारेखाली सुताचा दोरा सरकवून तिचं तोंड मोकळं करायचं, याला जवारी काढणं म्हणतात. जास्त घासलं तर जवारी फार उघडते आणि तार खरखरते. कमी घासलं तर आवाज कोंडतो. याला मोजपट्टी नाही. कान हेच माप.

म्हणून पांचाळांच्या दुकानात आजोबांपासूनचा एक शिरस्ता होता. भोपळा कोणी कापला, दांडी कोणी कोरली, हे विचारायचं नाही. ज्याच्या कानानं जवारी लागली त्याच्या नावाची पितळी पट्टी दांडीच्या माथ्यावर दोन बारीक चुका, म्हणजे टाचणीएवढे खिळे, मारून बसवायची. पट्टी बसली की काम संपलं. त्यानंतर त्या घोडीला कानस लावायची नाही.

गुरुवारी दुपारी चार वाजता धारवाडहून कित्तूरबाई येणार होत्या. गाणं शिकवण्यात त्यांची हयात गेली होती. त्यांच्यासाठी तंबोऱ्यांची जोडी तयार होती आणि त्या जोडीवर पहिल्यांदाच दिनकररावांचं नाव नसणार होतं. त्यांनी मुलीला शब्द दिला होता, "माझा कान परत येऊ दे, कार्तिकी. मी नीट ऐकीन, आणि जोडी लागलेली असली तर पट्टी तुझ्या नावाची."

आता कान परत आला होता. जोडी ऐकली होती. ती इतकी सुरेख लागली होती की दिनकररावांना पट्टी ठोकवेना.

कान गेला तो सहा वर्षांपूर्वी. मूत्रपिंडाला कसलासा जंतुसंसर्ग झाला, जालीम औषधं द्यावी लागली, जीव वाचला आणि अकरा दिवसांत ऐकणं संपलं. वय पन्नास. डॉक्टरांनी उजव्या कानाच्या आत तार घालून पहिलं यंत्र बसवलं. त्यानं माणसांचं बोलणं कळायला लागलं, तेही समोरच्याच्या ओठांकडे बघितलं तर. तंबोरा मात्र पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा यायचा.

कार्तिकी तेव्हा वीस वर्षांची. तिनं कॉलेज सोडलं आणि कानस हातात घेतली. ती घासायची, तार छेडायची, आणि समोर मान तिरकी करून बसलेले दिनकरराव डोलले की जवारी लागली असं समजायचं. पट्टी त्यांच्या नावाची, कारण पसंत करणारा कान त्यांचा. तो कान कसल्या लायकीचा होता हे दुकानात कोणी मोठ्यानं बोललं नाही.

बहिरा माणूस संशयी होतो, आणि त्याला दोष देण्यात अर्थ नाही. चार माणसं हसली की का हसली हे त्याला सगळ्यांत शेवटी कळतं. या सहा वर्षांत दिनकरराव कधी दाराकडे पाठ करून बसले नव्हते. मायलेकी स्वयंपाकघरात तोंड फिरवून बोलू लागल्या की ते उगाच पाणी प्यायला आत जायचे.

नवं यंत्र बसवलं ते गावातल्याच एका श्रवणकेंद्रात. तिथल्या नाझनीन इनामदार या त्यांच्या मुलीच्याच वयाच्या, पण समजावून सांगण्याची हातोटी मोठी. लिहून, बोलून, चित्र काढून त्यांनी सगळं सांगितलं होतं.

"काका, कानाच्या आत एक शंख असतो. त्याच्या वळणावर ऐकण्याच्या नसा ओळीनं बसलेल्या. दाराशी बारीक आवाजाच्या, आत टोकाला खर्जाच्या. तुमच्या तंबोऱ्याला चार तारा, इथं हजारो. जुन्या यंत्राच्या तारेवर बावीस ठिपके होते. प्रत्येक ठिपका विजेचा झटका देऊन आपल्या शेजारच्या नसांना जागं करायचा. पण शंखात खारट पाणी असतं, वीज त्यात पसरते. एका घरच्या माणसाला हाक मारावी आणि सगळी गल्ली दारात यावी, तसं व्हायचं. मग सूर कुठला कळणार?"

"आणि आता?"

"आता ठिपके एकशेसाठ. आणि मुख्य म्हणजे, एक ठिपका वीज सोडतो तेव्हा दोन्ही बाजूचे ठिपके थोडी वीज परत ओढून घेतात. त्यामुळं झोत पसरत नाही, अरुंद राहतो. शिवाय नस जागी झाली की ती स्वतः एक बारीकसा विजेचा हुंकार देते. यंत्र तो ऐकतं. म्हणजे कुणाला हाक मारली आणि कोण उठलं, दोन्ही मोजता येतं. काही नसा मेलेल्या असतात, त्या वगळायच्या. असं एकेक मोजून तुमच्या शंखाचा नकाशा होतो. मोजलेला नकाशा."

त्यानंतर दुसरा टप्पा होता, आठवणीची फेरी. मोजलेल्या नकाशावर ऐकू येतं ते खरं असतं, पण सुरुवातीला रुक्ष वाटतं. म्हणून यंत्राबरोबर एक पाटी दिली होती. ती एकच आवाज दोन तऱ्हांनी ऐकवायची आणि विचारायची, यातला तुमच्या आठवणीतल्या आवाजाच्या जवळचा कोणता? आपण बोट लावायचं. यंत्र त्यातून शिकायचं आणि विजेचे झोत त्याप्रमाणे थोडे थोडे सरकवायचं. घंटा, कावळा, बायकोची हाक, मुलीचं बोलणं, आणि दिनकररावांच्या हट्टामुळे तंबोऱ्याची जुनी ध्वनिमुद्रणंही त्यात घातली होती.

दोन महिने ते पाटी घेऊन माडीवर बसले. आणि एका सकाळी खालून तंबोरा ऐकू आला. खडे नव्हते, पत्रा नव्हता, तो सबंध झंकार होता. दिनकरराव जिन्यातच बसले आणि रडले. त्यांच्या बायकोला, शैलजाबाईंना, वाटलं, पडले की काय.

त्याला आता सतरा दिवस झाले होते.

पहिला संशय कार्तिकीवरच आला. पोरीचा हात चांगला होता, पण असा नव्हता. अशी जवारी दिनकररावांना स्वतःला सत्तावीस वर्षं घासल्यावर साधली होती. सहा वर्षांत, तेही बहिऱ्याच्या हाताखाली शिकलेल्या मुलीला ती कुठून साधावी? कुठेतरी पाणी मुरत होतं. त्यांना वाटलं, माझ्यासमोर ही माझेच जुने तंबोरे ठेवते. म्हणून त्यांनी नव्या जोडीच्या दोन्ही भोपळ्यांच्या तळाशी गुपचूप पेन्सिलीनं खुणा केल्या. तिनं पुढ्यात ठेवलेल्या जोडीवर खुणा जागच्या जागी होत्या, तंबोरे बदललेले नव्हते.

मग ती गवसणी दिसली. गल्लीच्या टोकाला रमजानभाईंचं दुकान. त्यांचे आजोबा ते पांचाळांच्या आजोबांचे गुरू, त्यामुळे दोन्ही दुकानांत येणंजाणं होतं. सोमवारी सकाळी तिथून जाताना दिनकररावांना आत खुंटीवर एक हिरवी गवसणी दिसली. तंबोऱ्याचं हे कापडी आवरण पांचाळांकडे शैलजाबाई शिवायच्या आणि तिच्या काठाला पिवळा दोरा असायचा. हिच्या काठाला पिवळा दोरा होता.

"रमजानभाई, आमची गवसणी इकडं कशी?"

रमजानभाईंनी खाली मान घातली. ते खुंटी तासत होते. "कुणीतरी विसरलं असेल, दिनूभाऊ. चहा घेणार का?"

दिनूभाऊ चहा न घेता निघाले. माणूस खोटं बोलताना खाली बघतो, हे कळायला कान लागत नाही.

मंगळवारी आणखी एक गोष्ट घडली. जेवताना शैलजाबाई कार्तिकीला म्हणाल्या, "काढा घे आधी. केवढा बसलाय घसा तुझा. बोलू नकोस जास्त."

दिनकररावांनी मुलीकडे पाहिलं. ती म्हणाली, "परवा कित्तूरबाई यायच्यात, त्यांना फोन कसा करू मी, असल्या आवाजात? तुम्हीच करा, पप्पा."

आवाज स्वच्छ होता. कसलीही खर नव्हती. कॉलेजातून आल्यावर दारातूनच "भूक लागलीय" म्हणायची, अगदी तसा.

दिनकररावांच्या हातातला घास हातातच राहिला. बाईंशी बोलायचं टाळायला पोर घशाचं सोंग करतेय आणि आई तिला सामील आहे, असं त्यांच्या मनानं घेतलं. सहा वर्षं बहिरा होतो तेव्हा फसवत असतील तर समजू शकतो, पण आता ऐकू येतंय तरी तोंडावर? त्यांना मुलीचा राग आला, आणि राग आल्याचं वाईटही वाटलं. ते हात धुवायला उठले.

बुधवारी सकाळी मायलेकी बाजारात गेल्या तेव्हा त्यांनी दुकानाचं दार आतून लावलं. भिंतीवरचा एक साधा तंबोरा काढला. कानस घेतली आणि आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. चांगल्या घोडीवर मुद्दाम आडवीतिडवी कानस फिरवली. दोरे काढून टाकले. असलं काम करणाऱ्याला त्यांच्या वडिलांनी दुकानाबाहेर काढलं असतं.

मग त्यांनी तार छेडली.

तंबोरा गुणी पोरासारखा गायला लागला. तोच भरलेला झंकार, तोच लांबत जाणारा सूर. त्यांनी तारेखाली कागदाचा कपटा सारला. तार बसायला हवी होती, कोंडायला हवी होती. ती गात राहिली.

दिनकररावांनी तारा तळव्यानं दाबून बंद केल्या. सतरा दिवस ते जे ऐकत होते ते या तंबोऱ्यातून येतच नव्हतं.

गुरुवारी दहा वाजता ते श्रवणकेंद्रात जाऊन बसले. नाझनीनबाईंनी यंत्राची नोंद पडद्यावर उघडली आणि त्यांच्या भुवया वर गेल्या.

"काका, आठवणीची फेरी किती वेळा केलीत?"

"रोज करत होतो. सांगितलं होतं तुम्ही."

"लोक दोनशे-तीनशे जोड्या ऐकतात आणि कंटाळून सोडतात. तुमच्या सहा हजारांच्या वर झाल्यात." त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "आणि निवडताना नेमकं काय करत होता? आठवणीतला आवाज निवडत होता ना?"

दिनकररावांनी विचार केला. खोटं बोलण्यात आता अर्थ नव्हता.

"दोन आवाज आले की त्यातला चांगला निवडायचो," ते म्हणाले. "आमच्या धंद्यात दुसरं काय करतात, बाई? कमी लागलेला सोडायचा, लागलेला धरायचा. मग त्याच्याहून चांगला लागला की तो धरायचा. असं लागेपर्यंत."

नाझनीनबाईंनी नोंद पुन्हा वरपासून चाळली.

"म्हणजे तुम्ही कानाची जवारी काढलीत," त्या म्हणाल्या. "आवाज कसा आहे हे यंत्रानं विचारलं, आणि कसा असायला हवा हे तुम्ही सांगत राहिलात. ते शिकलं. आता बाहेरून खराब आवाज आला की यंत्राला वाटतं, चूक आपलीच आहे. मग ते झोत सरकवतं आणि आवाज दुरुस्त करून नसेपर्यंत पोचवतं. इतका नेमका झोत असल्यामुळंच हे जमतंय त्याला. जुन्या यंत्रात जमलंच नसतं."

"माणसांचे आवाज पण?"

"जे तुम्ही फेरीत घातले होते ते तर नक्की, बाकीचेही थोडेफार. घरच्यांचे घातले होते ना?"

दिनकररावांना काढा आठवला. त्यांनी मान खाली घातली.

"मोजलेला नकाशा परत लावता येईल?" त्यांनी विचारलं.

"येईल. पण एक सांगते. हे दोन्ही आलटून पालटून लावता येणार नाहीत, मेंदू गोंधळतो. कुठला तरी एक ठरवायचा. आणि मोजलेला तुम्हाला आवडणार नाही, काका. तुम्ही जो ऐकताय तो तंबोरा परत कधी ऐकू येणार नाही कदाचित. घाई नाही. आठवडाभर विचार करा."

आठवडा कुठून आणणार? चार वाजता कित्तूरबाई यायच्या होत्या. वाईट जोडीवर मुलीच्या नावाची पहिली पट्टी बसली तर गाणारे ते नाव जन्मभर तसंच लक्षात ठेवतील. आणि जोडी चांगली असून आपण भलत्या संशयापायी नाकारली तर ती पुन्हा कानस हातात धरणार नाही. खरं ऐकल्याशिवाय यातलं काहीच ठरवता येत नव्हतं. आणि तरीही तो झंकार सोडवत नव्हता. सहा वर्षांनी मिळाला होता. अवघे अठरा दिवस झाले होते.

"लावा," ते म्हणाले.

बाहेर पडले तेव्हा रिक्षांचे भोंगे टोचत होते. नाझनीनबाईंचा आवाज थोडा नाकातला आहे हे त्यांना निरोप घेताना पहिल्यांदा कळलं.

दुकानात कार्तिकी जोडी पुसत बसली होती. "काय म्हणाल्या मॅडम?" तिनं विचारलं.

आवाज घोगरा, फाटका, मध्येच तुटणारा. कोणीही म्हणालं असतं, पोरीला बरं नाही.

"घसा बसलाय तुझा," दिनकरराव म्हणाले.

"आठवडा झाला की, पप्पा."

ते चौरंगावर बसले. सोंग करतेय असं ज्या मुलीबद्दल मनात आणलं होतं तिच्याकडे त्यांना क्षणभर बघवेना. मग त्यांनी जोडीतला एक तंबोरा उभा धरला आणि पंचमाची तार छेडली.

तार खरखरली.

दुसरी, तिसरी, खर्ज. चारही. जवारी नको तितकी उघडी होती, जणू सुरावर वाळू सांडली होती. जोडीतला दुसरा तसाच. भिंतीवरचे आणखी दोन, त्यांच्याच नावाच्या पट्टीचे, तेही तसेच. ही काही घाईत झालेली चूक नव्हती. प्रत्येक घोडी सारखीच, मन लावून, चुकीची घासलेली होती.

"कार्तिकी, सहा वर्षांत आपला एकही तंबोरा परत आला नाही. हे असले असून का आला नाही?"

ती हातातल्या फडक्याची घडी घालत राहिली. त्यांना रमजानभाईंच्या खुंटीवरची हिरवी गवसणी आठवली.

"रमजानभाईंकडं काय नेतेस तू?"

"पट्टी ठोकून झाली की न्यायची," ती हळूच म्हणाली. "चाचा अर्ध्या तासात मिटवून द्यायचे जवारी. मग गिऱ्हाइकाला जायचा."

"पट्टी बसल्यावर कानस?"

"हो."

दिनकररावांचा आवाज चढला. "एवढं कळत होतं तर माझ्यासमोर बरोबर का नाही घासलीस? का चाचा? मी मेलो होतो काय?"

कार्तिकीनं फडकं खाली ठेवलं. तिचा घसा आधीच बसलेला, त्यात रडू आलेलं, पण ती थांबली नाही.

"पहिल्या वर्षी मला बरोबर वाटायची तिथं मी थांबायची. तुम्ही मान हलवायचा, नाही म्हणून. मग मी अजून घासायची. खरखर सुरू झाली की तुमचा चेहरा उजळायचा. तुम्हाला काहीतरी ऐकू यायचं, पप्पा. मी तिथं थांबायला लागले. मला वाटलं, चूक माझ्याच कानात असेल. तुम्ही बहिरे असला तरी पांचाळ आहात, मी कोण सांगणार? पुढं पुढं मी तार ऐकणंच सोडलं. तार छेडायची आणि तुमच्या तोंडाकडं बघायचं. चाचा मिटवतात ती बरोबर लागते, एवढं कळतं. पण मी एकटीनं घासायला बसले की मला माझं काही कळत नाही. कुणाच्या तरी तोंडाकडं बघावंसं वाटतं."

दिनकररावांनी तंबोरा भिंतीला टेकवून ठेवला.

दिनकररावांना सगळं लख्ख दिसलं. जुन्या यंत्राच्या बावीस ठिपक्यांना बारीक झंकार पेलतच नव्हता, त्यातून फक्त खरखर पोचायची. ती पोचली की ते डोलायचे. सहा वर्षं ते डोलत होते आणि मुलगी त्यांच्या डोलण्याला कानस लावत होती. तिनं फसवलं नव्हतं. तिनं ऐकलं होतं, तेही बहिऱ्याचं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"किती वाजले?" त्यांनी विचारलं.

"साडेबारा."

"घोड्या काढ दोन्ही. पुन्हा घास."

"तुम्ही समोर बसता ना? आता ऐकू येतंय तुम्हाला खरं."

"म्हणूनच बसणार नाही," ते म्हणाले.

त्यांनी कानामागचं यंत्र काढलं, डोक्याला चिकटलेली चकती काढली आणि दोन्ही डबीत ठेवून डबी खिशात टाकली. जग एकदम बंद झालं. मग त्यांनी चौरंग उचलला, भिंतीच्या कडेला नेला आणि मुलीकडे, दाराकडे, सगळ्यांकडे पाठ करून बसले. सहा वर्षांत पहिल्यांदाच. समोर नुसती भिंत आणि तिच्यावर टांगलेल्या वडिलांच्या पटाशा होत्या.

मागे काय चाललंय हे त्यांना कळायला मार्ग नव्हता. ती रमजानभाईंना बोलावून आणू शकत होती. ती नुसती बसून राहू शकत होती. कानस चालू झाली की फळीतून थोडी थरथर पायाला लागायची, एवढंच. थरथर चालायची, थांबायची. थांबली की तार छेडली जात असणार. एकदा ती फार वेळ थांबली. ती आपल्या पाठीकडे बघतेय, हे दिनकररावांना न बघताही कळलं. मानेचा एक स्नायू जरी हलला तरी ती त्याचा अर्थ लावेल, म्हणून ते खांबासारखे बसून राहिले. बऱ्याच वेळानं थरथर पुन्हा सुरू झाली.

हाताला चाळा हवा म्हणून त्यांनी खिशातल्या दोन कोऱ्या पट्ट्या काढल्या आणि मांडीवर घेऊन त्यावर अक्षरं कोरायला घेतली. का, र्ति, की. पितळेवर त्यांचा हात अजून स्थिर होता.

पावणेचारला खांद्यावर हात पडला. ते उठले. मुलीच्या चेहऱ्याकडे न बघता त्यांनी जोडी पुढे ओढली, दांडीच्या माथ्यावर पट्टी ठेवली आणि हातोडी घेतली. कार्तिकीनं त्यांचं मनगट धरलं. खिशाकडे बोट दाखवलं, आधी ऐका म्हणून. त्यांनी नाही म्हणून मान हलवली आणि चूक ठोकली. एका तंबोऱ्याला दोन, दुसऱ्याला दोन. कार्तिकी दिनकर पांचाळ. आता त्या घोड्यांना कानस लागायची नव्हती.

मग त्यांनी डबी उघडली आणि यंत्र कानामागे लावलं.

तार छेडली. अठरा दिवस ऐकला तो झंकार हा नव्हता. तो गेला होता, आणि गेल्याचं दुःख त्यांना तिथल्या तिथे झालं. हा अंगानं जरा बारीक होता, थोडा मिटलेला, स्वतःशी बोलल्यासारखा. मोजलेल्या नकाशावर तो कोरडा वाटत होता, पण खरखर नव्हती आणि कोंडलेलाही नव्हता. रमजानभाईंच्या हाताची ठेवण त्यांना ओळखू येत असे, ती यात नव्हती. त्यांची स्वतःचीही नव्हती. हा हात त्यांनी आजवर कुठे ऐकलाच नव्हता.

त्यांनी पुन्हा चारही तारा छेडल्या आणि राहवलं नाही म्हणून बोलले, "मी असतो तर पंचम केसभर उघडा ठेवला असता."

कार्तिकी मान तिरकी करून तारांकडे बघत होती. सूर विरेपर्यंत तिनं बापाच्या तोंडाकडे पाहिलंच नाही.

"असेल," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "तो तसाच राहील."

बाहेर रिक्षा थांबली. कित्तूरबाई चपला काढत असल्याचा आवाज दिनकररावांना दाराकडे पाठ असतानाच आला, पण ते वळले नाहीत. त्यांनी कानस पुसून पेटीत ठेवली आणि शैलजाबाईंना चहाचं सांगायला आत गेले.